तीन वर्षे की पाच?

वडील बिगारी कामगार. मुलाचा पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांच्या बीएस-एमएसला नंबर लागला. नातेवाईक म्हणतात, "गावाजवळ बी.एस्सी. कर, तीन वर्षांत कमवायला लाग."

त्यांना हसू नका. हा हिशोब उपासमारीतून आलेला आहे. तीन वर्षांनी पदवी हाती पडली की एमपीएससी, यूपीएससीचे दार उघडते. उलट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी घर अडचणीत आले तर हाती काय उरेल, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्यावे. शिष्यवृत्ती उशिरा येते, मेसचे बिल थांबत नाही, हेही धरून चालावे.

पण बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा फी. आपली किती मुले याच उंबरठ्यावर गळतात! सलग अभ्यासक्रमात तो उंबरठाच नाही. बाबासाहेबसुद्धा बी.ए. होऊन 1913 साली बडोद्यात नोकरीला लागले होते. त्याच वर्षी सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून कोलंबियाला गेले आणि 1915 साली एम.ए. झाले. असे सयाजीराव प्रत्येकाला कुठून मिळणार?

वसतिगृह मिळत असेल तर पोराला पाच वर्षे द्याच. वस्तीत सरकारी नोकरीत असलेले चार-पाच जण असतात. जयंतीच्या वर्गणीबरोबर पहिल्या वर्षाची मेस त्यांनी उचलावी.