अंतर सहा फुटांचे, शाळा मात्र एक!

मधल्या सुटीत तुम्ही काय करता? एकाच्या डब्यात चौघांचे हात, कानात कुजबुज, मग मैदानावर धूम! आता समजा, एके दिवशी हुकूम निघाला : ‘शाळा चालू ठेवा, पण डबा वाटून खायचा नाही, खांद्यावर हात टाकायचा नाही, दुसऱ्या वर्गात जायचे नाही.’ मग ती शाळा आपली वाटेल का?

अमेरिकेतील कॅथलिक शाळांपुढे २०२० साली हाच प्रश्न उभा राहिला. कोविडमुळे मार्चमध्ये तेथील शाळा बंद झाल्या. उन्हाळ्यानंतर मोठ्या शहरांतील अनेक सरकारी शाळा घरूनच शिकवत होत्या, तेव्हा पुष्कळ कॅथलिक शाळांनी वर्ग उघडले. अट एकच : आरोग्य खात्याचे नियम पाळायचे. मुखपट्टी, सहा फुटांचे अंतर, उघड्या खिडक्या आणि प्रत्येक तुकडी वेगळी.

हे नियम आले कोठून? आपण बोलतो, गातो, तेव्हा तोंडातून असंख्य तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार जवळच खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र धुरासारखे हवेत बराच वेळ तरंगतात. मुखपट्टी त्यांतील बरेच कण उगमापाशीच अडवते, सगळे नव्हे. म्हणून एकाच उपायावर विसंबून चालत नाही. मोठ्याने गाताना तर कण अधिक निघतात. जेथे सामुदायिक गायन हा प्रार्थनेचा प्राण, तेथे ही अडचण किती मोठी!

तुकड्या वेगळ्या ठेवण्यामागे साधे गणित आहे. आठ वर्गांची शाळा घ्या. प्रत्येक वर्गात २५ मुले, म्हणजे एकूण २००. सगळी एकमेकांत मिसळली तर भेटीच्या जोड्या किती? २०० गुणिले १९९, भागिले २, म्हणजे १९,९००! आता प्रत्येक वर्ग आपल्यापुरता राहिला तर? एका वर्गात ३०० जोड्या, आठ वर्गांत २,४००. मुले तेवढीच, पण रोगाला जाण्याच्या वाटा जवळजवळ आठपट कमी झाल्या.

आणि खिडक्या? बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० भाग. वर्गातील मापक ८२० दाखवत असेल, तर वाढलेले ४०० भाग आपल्याच उच्छ्वासातून आलेले. ४०० म्हणजे ४०,००० चा शंभरावा हिस्सा. याचा अर्थ, आपल्या दर शंभर श्वासांपैकी एका श्वासाइतकी हवा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली! खिडकी उघडली की हा आकडा उतरतो.

तुम्ही म्हणाल, हे पटल्यावर भांडण कशाचे? पण भांडण झालेच. मिशिगन राज्यातील लान्सिंग येथील रिझरेक्शन स्कूल या कॅथलिक शाळेने आणि काही पालकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये पाचवीपर्यंतच्या मुलांवरील मुखपट्टीच्या सक्तीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला, त्याचा चेहरा झाकणे आमच्या श्रद्धेत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नियम सर्व शाळांना सारखाच आहे, असे सांगून न्यायालयाने तो तात्पुरता थांबवण्यास नकार दिला. पुढे २०२१ मध्ये राज्यानेच तो मागे घेतला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, आता वादाचे कारणच उरले नाही, असे ठरवले. कण किती अडतात हे प्रयोगशाळा सांगू शकते. कुणावर किती सक्ती करावी, हे मात्र समाजाला आपसांत बोलूनच ठरवावे लागते.

दुसरीकडे, असंख्य कॅथलिक शाळा नियम पाळूनच एकोपा टिकवण्याच्या खटपटीत होत्या. चर्चच्या दारातील पवित्र जलाची पात्रे ठिकठिकाणी रिकामी ठेवली गेली. उपासनेत एकमेकांना शांती चिंतताना हस्तांदोलनाऐवजी नुसती मान लवू लागली. सगळी शाळा एकत्र बसण्याऐवजी एखादा वर्ग चर्चमध्ये आणि बाकीचे आपापल्या वर्गात पडद्यासमोर, अशी व्यवस्था झाली. या शाळांत मोठ्या वर्गातील मुलाने बालवर्गातील एखाद्या लहानग्याचा सांगाती व्हायचे, अशी पद्धत आढळते. भेट बंद झाली, तेव्हा काही ठिकाणी चिठ्ठ्या आणि चित्रे जाऊ लागली. स्पर्श नाही, पण आपुलकी पोचली!

काळ कठीणच होता. २०२०-२१ मध्ये तेथील कॅथलिक शाळांची विद्यार्थिसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि दोनशेहून अधिक शाळा बंद पडल्या. पुढच्या वर्षी मात्र संख्या ३.८ टक्क्यांनी वाढली. वर्ग उघडे ठेवण्याची धडपड पालकांच्या मनात भरली, हे त्याचे एक कारण मानले जाते.

आता एक काम तुमच्यासाठी. आपल्या वर्गातील मुलांची संख्या घ्या, तिला एकने कमी केलेल्या संख्येने गुणा आणि दोनने भागा. येईल ती तुमच्या वर्गातील जोड्यांची संख्या. मग समोरासमोरच्या किती खिडक्या खरोखर उघडतात, ते मोजा. एखादी गंजून बसली असेल, तर गुरुजींना किंवा बाईंना आजच सांगा. आणि सर्दीने घरी बसलेल्या मित्राला चार ओळींची चिठ्ठी पाठवायला विसरू नका!