एका सेकंदाची फट

सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या चालू होत्या आणि ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारी इंटेलची नेटवर्क कार्डं मरू लागली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी कार्ड उठत नसे. घाव बसला होता तो कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीवर, त्याची ओळख आणि जुळणी जिथे लिहिलेली असते तिथे.

संशय आधी ड्रायव्हरवर आला, मग एक्स सर्व्हरवर. पण तपासायचं कसं? स्वतःचं यंत्र दुरुस्तीला पाठवायची तयारी कोण दाखवणार!

अखेर इंटेलच्या अभियंत्यांनी खोकंभर कार्डं घेऊन प्रयोगशाळेत ठाण मांडलं. त्यांनी बायसेक्टची वाट धरली: कर्नलमधल्या बदलांची यादी मधोमध तोडायची, त्या टप्प्याचा कर्नल चालवायचा, दोषी अर्धा भाग ठेवायचा, पुन्हा तोडायचा. दहा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत उत्तर मिळावं. हे झालं कागदावर. हा दोष मात्र लहरी. कार्ड मेलं तर निकाल पक्का. जगलं तर कर्नल निर्दोष, की अजून वेळ आली नाही? इथे खात्रीचा पुरावा एकच, मेलेलं कार्ड. एकामागून एक कार्डं बळी देत ही माणसं चिकाटीने पुढे सरकत राहिली, या कामाचं खरं मोल तिथे आहे.

सापडला तो एफट्रेस. नेटवर्कशी त्याचा काडीचा संबंध नाही. कर्नलमधली फंक्शनं कधी चालतात याची नोंद ठेवणारी ती यंत्रणा. फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्यातल्या, नोंदीसाठी घातलेल्या ५ बाइटांच्या कॉलचा पत्ता ती टिपून ठेवी. दर सेकंदाला एक धागा जागा होई आणि टिपलेल्या जागी निष्क्रिय सूचना लिही.

त्या एका सेकंदात घात होई. मॉड्यूलचा सुरुवातीपुरता कोड एकदा चालतो आणि त्याची मेमरी मोकळी होते. ३२-बिट यंत्रावर मॉड्यूलं आणि उपकरणांचं मॅपिंग यांना पत्ते एकाच पट्ट्यातून मिळतात. सेकंद सरायच्या आत तोच पत्ता कार्डाच्या त्या कायमस्वरूपी मेमरीला, म्हणजे फ्लॅशला, मिळाला, तर जुन्या भाडेकरूच्या नावाचं वॉरंट नव्या भाडेकरूवर बजावलं जाई.

एफट्रेस आंधळेपणाने लिहीत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. जुना कोड जागेवर असेल तरच बदल, अशी तुलना तो ‘कम्पेअर-एक्स्चेंज’ सूचनेने करी. पण एक्स८६ प्रोसेसर तुलना फसली तरी वाचलेलं मूल्य परत लिहितो. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या रजिस्टरमध्ये मात्र लिहिणं हाच हुकूम ठरू शकतो.

ऑक्टोबरमध्ये २.६.२७ बाहेर पडला तेव्हा कार्डाच्या त्या मेमरीला लेखनबंदीचं कुलूप लागलेलं होतं. २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा गतिमान भागच बंद केला गेला. पत्त्यांची नोंद कर्नल बांधतानाच करून ठेवण्याची पद्धत २.६.२८ मध्ये आली.