थट्टा की चिडवणे?

मुलांनो, उर्दूत 'ळ' हा उच्चार नाही. त्यामुळे मराठी शिकताना पुष्कळांची जीभ तिथे अडखळते. 'केळी' म्हणायला जावे, तर तोंडातून 'केली' बाहेर पडते! जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा. सरावाने 'ळ' नक्की जमेल. उर्दूतील 'ग़ैन'चा उच्चार मराठी मुलांना तरी कुठे सहज जमतो?

समजा, वाचताना तुमच्या वर्गातील एक मुलगा असाच चुकला. सगळे हसले, तोही हसला. ही झाली थट्टा. पण दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला 'केलीवाला' म्हणू लागले. तो हसेनासा झाला. वाचनासाठी हात वर करीनासा झाला. आता ही थट्टा राहिली नाही. थट्टेत दोघेही हसतात. चिडवण्यात एक हसतो आणि दुसरा मनातून रडतो.

तुम्हांला कोणी असे चिडवले, तर काय कराल? चिडवणाऱ्याला तुमचा राग पाहायचा असतो. म्हणून शिवी देऊ नका, अंगावर धावून जाऊ नका. एक खोल श्वास घ्या. त्याच्याकडे पाहून शांतपणे सांगा, "हे नाव मला आवडत नाही. मला माझ्या नावाने हाक मार." एवढे बोलून तेथून निघून जा. हे वाक्य आधी घरी आरशासमोर म्हणून पाहा.

तरीही चिडवणे थांबले नाही, तर वर्गशिक्षकांना किंवा अम्मी-अब्बांना सांगा. ही चुगली नव्हे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे, ही चुगली. आपला त्रास थांबावा म्हणून सांगणे, हे मदत मागणे होय. घरी सांगणे जमत नसेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठीची ही मोफत सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आज ती देशभर आहे.

आणि तुम्ही नुसते पाहणारे असाल, तर? तुमच्या हसण्यानेच चिडवणाऱ्याला जोर येतो. म्हणून हसू नका. मधल्या सुट्टीत त्या मुलाजवळ जाऊन बसा. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि म्हणा, "चल, आपण दोघे मिळून 'केळी' म्हणू या!"

स्वाध्याय

१. थट्टा आणि चिडवणे यांत कोणता फरक आहे?
२. मदत मागणे ही चुगली का नव्हे?
३. मोठ्याने वाचा : शाळा, फळा, केळी, बाळ, सकाळ.