'रिन्यू' करताना तारीख पाहा

आमच्या वस्तीत इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेल्या आजीबाईंनाही 'रिन्यू' हा शब्द ठाऊक आहे. लोकलचा पास, वाचनालयाचे पुस्तक, गाडीचे लायसन, विम्याची पॉलिसी, सारेच रिन्यू करावे लागते. सरकारी मराठीत याला 'नूतनीकरण' म्हणतात. पण तो शब्द अर्जाच्या मथळ्यावरच राहिला, तोंडी काही बसला नाही.

शब्दाची फोड सोपी आहे. 'री' म्हणजे पुन्हा, 'न्यू' म्हणजे नवा. हा 'न्यू', फारसीतला 'नौ' आणि आपला 'नवा' एकाच कुळातले. तेव्हा शब्द परका वाटला तरी निम्मा आपलाच!

मात्र नवे काय झाले आणि जुने काय राहिले, हे तपासावे लागते. बी.कॉम.ला आम्ही हुंडीच्या नोंदी शिकलो. मुदतीला पैसे देता आले नाहीत, तर जुनी हुंडी रद्द करून व्याजासह नवी लिहितात. कागद नवा, कर्ज जुनेच, उलट वाढलेले. मागताच फेडायच्या वचनचिठ्ठीवर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते. ती भरत आली की सावकार गोड बोलून नव्या कागदावर सही मागतो. त्या सहीने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून "नुसते रिन्यू करायचे आहे" असे कोणी म्हणाले, की आम्ही आधी आकडा विचारतो.

विम्यात आणखी एक गोम आहे. हप्ता चुकला तर मासिक हप्त्याला १५ दिवस आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलत असते. तीही गेली की पॉलिसी बंद पडते. मग रिन्यू नव्हे, 'रिव्हाइव्ह' करावी लागते: थकलेले हप्ते, त्यावर व्याज आणि तब्येत ठीक असल्याचा जबाब. आमच्या चाळीतल्या एका बांधवाने दीड वर्ष हप्ते भरले आणि पुढे "सवडीने रिन्यू करू" म्हणत सात महिने घालविले. तो गेल्यावर वहिनींबरोबर आम्ही कागद घेऊन गेलो. कागद सगळे होते. तारीख उलटलेली होती. परतताना वहिनींनी एवढेच विचारले, "भाऊ, भरलेले पैसेसुद्धा नाही का मिळायचे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

अलीकडे एका तरुणाने वेगळेच विचारले. "२०३० साली आरक्षण रिन्यू झाले नाही, तर माझी नोकरी जाईल का?" हा गैरसमज घरोघरी आहे. मुदत आहे ती घटनेच्या ३३४ व्या कलमात, म्हणजे लोकसभा व विधानसभेतील राखीव जागांना. मूळ दहा वर्षांची ही मुदत आजवर सात वेळा वाढविली गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. नोकरीतील आरक्षणाचे कलम १६(४) आणि शिक्षणातील कलम १५(४) यांत अशी कोणतीही मुदत लिहिलेली नाही. आम्ही घटनेचे पुस्तक काढून दोन्ही पाने त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि झेरॉक्स काढायला घेऊन गेला.