टर्बो बदलण्याआधी ऑइलची वाट तपासा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या गॅरेजांत कधीकधी अशी गाडी येते की मालकाचे पैसे आणि मिस्त्रीचे नाव दोन्ही पणाला लागतात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही त्यातलीच. २००४ साली ती भारतात विक्रीला आली. औरंगाबादजवळ शेंद्रा येथील कारखान्यात तिची जुळणी होत असे. इंजिन १.८ लिटरचे, पण टर्बोमुळे ताकद १५० अश्वशक्तीची. आज या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांचा पिकअप गेला की पहिला संशय टर्बोवर येतो. तो बदलूनही काही महिन्यांत तीच तक्रार आली, तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे.

टर्बो म्हणजे एकाच दांड्याला लावलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. थर तुटला की बेअरिंग घासते. टर्बो सहसा आपणहून मरत नाही, ऑइलअभावी मारला जातो.

आपल्याकडे त्याचे कारणही घडते. घाटकोपरहून मुलुंडला शास्त्री मार्गाने जाताना गाडी तासभर रांगेत तापते आणि किलोमीटर मात्र थोडेच पडतात. किलोमीटर मोजून ऑइल बदलणारा मालक इथेच फसतो. द्रुतगती महामार्गावर गाडी दामटून लगेच इंजिन बंद केले, तर टर्बोतले ऑइल जागीच करपते. तो कोळसा बारीक नळीत साचतो आणि तळातला गाळ पंपाची जाळी बुजवतो.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी. पिकअप कमी असेल तर आधी रबरी होज, क्लॅम्प आणि व्हॅक्यूमच्या नळ्या पाहाव्यात. वीस वर्षांत रबर चिरते आणि दाबलेली हवा निसटते. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला तरी हीच लक्षणे दिसतात. निळा धूर येत असेल तर इंजिनचा श्वास घेणारा पाइप तुंबला आहे का, ते पाहावे. आत दाब साचला की टर्बोतले ऑइल खाली उतरत नाही आणि पंख्याकडे गळते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरीही निळा धूर येतो.

नंतर इंजिन थंड असताना होज काढून दांडा बोटांनी हलवावा. आडवा किंचित खेळ असणे स्वाभाविक आहे. पण तो मागेपुढे सरकत असेल किंवा पंखा घराला घासत असेल, तर टर्बो संपला असे समजावे. सायरनसारखा आवाज हीही धोक्याची खूण आहे.

टर्बो बदलायचाच असेल तर ऑइलची नळी नवी घालावी, तळ उघडून जाळी साफ करावी, ऑइल आणि फिल्टर बदलावे. नवा टर्बो बसवल्यावर सुरू करण्यापूर्वी त्यात ऑइल भरावे. या इंजिनाला सिंथेटिक ऑइलच लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना टर्बो आणणाऱ्यांनी दांड्याची हीच परीक्षा दुकानातच करावी.

गॅरेजवाल्यांना आमचे सांगणे एवढेच की, ही सारी कामे अंदाजपत्रकात वेगवेगळी लिहून गिऱ्हाइकाला आधी दाखवावीत. पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतन करावी लागते, तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते. इंजिनच झिजले असेल तर नव्या टर्बोवर पैसे घालू नका, असे स्पष्ट सांगावे. एक काम हातचे जाईल, पण तोच मालक पुढची गाडी तुमच्याकडेच आणील.