कोयता, खाडा आणि पोटातलं बाळ

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कारखान्यांची वाट धरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर घेतलेली, म्हणून सहावा महिना लागला तरी बायको फडात. खाडा, म्हणजे गैरहजेरी, पडला की दंड. आणि तिच्याविषयी बोललं काय जातं? “कष्टाच्या बाया या, यांना कसलं टेन्शन? ते शहरातल्यांना.”

अहिल्यानगर जिल्ह्यात सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच असावा. उचल फिटेल का ही धास्ती, झोपडीतली अर्धवट झोप, रात्री-अपरात्री गाडी भरणं, हे सगळं शरीर एकाच खात्यात मांडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात जवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांच्या आहाराबरोबर त्यांच्या कामाचीही मोजदाद केली. ज्यांची अंगमेहनत जास्त, त्यांची बाळं वजनाला कमी भरली. तेव्हा “काम केलं की बाळंतपण सोपं जातं” हे अर्धंच खरं. चालणं, घरातलं हलकं काम चांगलंच. डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणं नव्हे.

याच्या उलट टोकाचा समज सुशिक्षित घरांत दिसतो: आई एकदा रडली की बाळाला इजा. तसं नसतं. ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, पण वारेतलं एक विकर त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं. एखादं भांडण, एखादी भीती बाळ सहज निभावतं. महिनोन्‌महिने चाललेला तीव्र ताण मात्र वेगळा. त्याने ३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचा आणि बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका काहीसा वाढतो. वाढतो म्हणजे तसं होणारच असं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला की सासू म्हणते, “तूच टेन्शन घेतलंस.” असे गर्भपात बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. असाच आणखी एक समज ग्रहणाचा. ग्रहणात विळी धरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. ग्रहणाच्या नावाखाली गर्भारणीला तासन्‌तास उपाशी-तहानलेली कोंडून ठेवणं मात्र नक्की वाईट.

गर्भारणीला धीर देणं म्हणजे नुसतं गोड बोलणं, असंही समजलं जातं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ओळखीची बाई उंबऱ्यात बसून विचारते तेव्हा गर्भारीण सासूसमोर न बोललेलंही बोलते. हा धीरही उपयोगी.

एक गल्लत मात्र जिवावर बेतू शकते. गरोदरपणातलं वाढलेलं बीपी हे “टेन्शनमुळे” नव्हे. त्यातल्या सर्वांत घातक प्रकाराचं मूळ बहुधा वारेच्या घडणीत असतं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा सुजलाय, तर “शांत पड, बरं वाटेल” म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, खाडा पडला तरी.