हरवलेले विमान : तर्क आणि तर्कट

विमानप्रवासाचा विषय निघाला की आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून येतो. "अरे, ते मलेशियाचं विमान सापडलं का रे शेवटी?" "नाही" एवढे उत्तर कोणालाच पुरत नाही. कोणी दिएगो गार्सियाच्या अमेरिकन तळाचे नाव घेते, कोणी अपहरण म्हणते, तर कोणी "वैमानिकानेच केलं" असा निकाल देऊन मोकळे होते. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे मला काहीतरी आतली बातमी असेल असे काकामंडळींना वाटते. आतली बातमी काही नाही. पण जे उघडपणे जाहीर झाले आहे, तेच या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त विलक्षण आहे.

८ मार्च २०१४. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे बोईंग ७७७ विमान रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघाले. आत २३९ माणसे होती, २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. बहुतेक प्रवासी चिनी होते. ५ भारतीय होते आणि त्यांत मराठी माणसेही होती. १ वाजून १९ मिनिटांनी विमानातून शेवटचे "गुड नाइट" ऐकू आले. दोनच मिनिटांत ते नागरी रडारच्या पडद्यावरून नाहीसे झाले. लष्करी रडारच्या नोंदींवरून नंतर कळले, की विमान उलटे वळून मलाया द्वीपकल्प ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर गेले होते. २ वाजून २२ मिनिटांनी तेथूनही ते दिसेनासे झाले.

मग अफवांना ऊत आला. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढले होते हे कळताच जगभर त्यांचे फोटो झळकले, 'दहशतवादी' हा शिक्काही बसला. चौकशीत निघाले ते दोन इराणी तरुण. युरोपात आसरा शोधायला निघालेले. त्यातला एक १९ वर्षांचा होता, जर्मनीत त्याची आई त्याची वाट पाहत होती. सीएनएनवर कृष्णविवराचीही चर्चा झाली. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ घेऊन बसला. उपग्रहाची छायाचित्रे घरबसल्या तपासायला लाखो लोक पुढे आले. त्यांची मदत करण्याची इच्छा खरी होती, विमान मात्र त्या चित्रांत सापडले नाही.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो फोनच्या गोष्टीने. काही नातेवाइकांनी आपल्या माणसाचा नंबर लावला तर पलीकडे रिंग वाजत होती. म्हणजे माणूस जिवंत आहे! माझ्या क्षेत्राच्या जवळची गोष्ट म्हणून सांगतो. आपल्याला ऐकू येणारी रिंग समोरच्या फोनमधून येत नाही. नेटवर्क तो फोन शोधत असतानाही फोन लावणाऱ्याला रिंग ऐकवली जाते. पण ज्या आईने ती रिंग ऐकली, तिला हे कोण समजावणार? आणि जो ती गोष्ट मीठमसाला लावून पुढे पाठवत होता, त्याला त्या आईचे काय?

आता दुसरी बाजू. विमानाने बोलणे बंद केले होते, पण त्यातले उपग्रह-संपर्काचे यंत्र २ वाजून २५ मिनिटांनी पुन्हा जोडले गेले. इन्मारसॅट कंपनीचा उपग्रह साधारण तासाभराने त्याला "आहेस का?" असे विचारायचा आणि ते "आहे" म्हणायचे. आपले सर्व्हर एकमेकांशी करतात तशीच ही हातमिळवणी. ना ठिकाण, ना उंची, ना दिशा. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत अशा सात नोंदी झाल्या. त्यानंतर उत्तर आले नाही.

या सात ओळींवर अभियंते बसले. निरोप जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती दूर होते ते निघाले. म्हणजे एक बिंदू नाही, पृथ्वीवर एक भलेमोठे वर्तुळ. आगगाडी जवळ येताना आणि दूर जाताना तिच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसा लहरींच्या कंपनांत झालेला बारीक फरक त्यांनी तपासला आणि विमान उत्तरेला नव्हे, दक्षिण हिंदी महासागराकडे गेले असे सांगितले. मला सर्वांत भावले ते पुढचे. त्यांनी नकाशावर फुली मारली नाही. "या कमानीवर कुठेतरी" एवढेच म्हटले, कारण हाती तेवढेच होते.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, तर्क आणि तर्कट. माझ्या मते फरक इतकाच, की तर्क स्वतःला तपासून घ्यायला तयार असतो. विमान दक्षिणेला पडले असेल तर त्याचे तुकडे कधीतरी प्रवाहाबरोबर आफ्रिकेकडे जायला हवेत. २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग वाहून आला आणि तो याच विमानाचा ठरला. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी तुकडे मिळाले. तर्कटाला मात्र कशानेच धक्का लागत नाही. तुकडा सापडला, तर "तो मुद्दाम आणून टाकला" असे म्हणता येते.

तर्कालाही मर्यादा आहेत. समुद्रतळाचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर भाग पिंजून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीनेही पुष्कळ शोधले. २०२५ मध्ये मलेशियाने तिच्याशी 'सापडले तरच पैसे' असा नवा करार केला. वैमानिकाच्या घरच्या सिम्युलेटरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातले बिंदू सापडले होते. तरीही जुलै २०१८ च्या ४९५ पानी अहवालाने कोणाला दोषी ठरवले नाही. नक्की कारण सांगता येत नाही असे लिहिले. तिसऱ्या कोणाचा हात असण्याची शक्यताही नाकारली नाही. असे लिहायला धाडस लागते.

या घटनेतून काही चांगलेही झाले. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांचा ठावठिकाणा निदान दर १५ मिनिटांनी कळावा असा आंतरराष्ट्रीय नियम आला. पाण्यात बुडालेल्या ब्लॅक बॉक्सच्या संकेतयंत्राची बॅटरी ३० दिवस टिकायची, ती ९० दिवसांची झाली.

हे सगळे दूरच्या समुद्रातले आहे असे वाटत होते. मग १२ जून २०२५ ला आपल्या शेजारी, अहमदाबादेत, एअर इंडियाचे विमान कोसळले आणि जमिनीवरच्यांसह २६० माणसे गेली. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या संभाषणाचा एक तुकडा होता. त्यातले कोणते वाक्य कोणाचे, हे लिहिले नव्हते. तेवढ्यावर आपल्या फोनवर नावासकट निकाल फिरू लागले. त्या वैमानिकांच्या घरीही फोन असतीलच.

उत्सुकता वाईट नाही. माझ्यातही ती भरपूर आहे, आणि विमान सापडल्याची बातमी आली तर मी रात्रभर जागून वाचेन. पण असला निरोप पुढे पाठवण्याआधी मी आता दोन गोष्टी पाहतो. हे खोटे असेल तर ते कशावरून कळेल? आणि गेलेल्या माणसाच्या घरी बसून हे मी मोठ्याने वाचू शकेन का? दोहोंपैकी एकालाही उत्तर नसेल, तर तो निरोप माझ्याच फोनवर थांबतो. २३९ घरे अजून वाट पाहत आहेत. त्यांना आपल्याकडून आणखी एक गोष्ट नको आहे.